फळ्यावरच्या गोष्टी

पुण्याची मराठी आमच्या आर्णीत कशी फसली, सांगतो. मी तवा वाचनालयात पुस्तकं देत होतो. पुण्याहून आलेल्या ग्रंथपाल बाईनं दारातल्या फळ्यावर लिवलं, "शनिवारी मुलांसाठी गोष्टी." अध्यक्षसाहेब म्हणले, "गोंधळ झाला तं बंद करीन."

शनिवारी पोरं आले अन् बडबडतच सुटले. साहेब तणतणत आत आले. बाई रडकुंडीले.

"अरे, गप्प बसा ना."

एक पोरगी म्हणे, "बाई, गोष्टीच तं करून राह्यलो. फळ्यावर तेच हाय."

"गोष्ट म्हणजे राजा-राणीची गं."

"थे तं काहानी होय."

बाईनं फळा पुसून 'काहानी' लिवलं. पोरं एकदम चूप. साहेब मात्र बाईले बोलतच होते.

पोरगी म्हणे, "साहेब, गोष्टी बंद. फळा पाहा."