लूप काढला का?

आणि वर मलाच विचारतात, सही कुठाय! अहो, कुठून आणू सही? हा बघा फॉर्म, तिसऱ्यांदा परत आलाय... थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल, शामकांतराव रिटायर व्हायच्या आधीच कामातून गेले!

आमचं काम लीज्ड लाईनचं. म्हणजे काय, तर दोन ठिकाणी दोन मोडेम, मधे तांब्याची तार, आणि त्या तारेवर तिसऱ्या कुणी बोलायचं नाही. बोलायचं नाही म्हणतोय मी, लक्षात ठेवा! एक मोडेम देवळाली प्रवराकडच्या एका साखर कारखान्यात, दुसरा नदीकाठी त्यांच्या पंपहाऊसमध्ये. कारखान्यात बटण दाबलं, 'बंद', की तिकडं पंप बंद, आणि पंपाकडून उलट उत्तर येतं, 'बंद'. मोबाईलवर का नाही म्हणता? अहो, नदीच्या त्या खोलात रेंज आली असती तर मला कुणी बोलावलं असतं का?

मधे लागतं आमचं जुनं टेलिफोन एक्स्चेंज. मोडेम सेट करताना तिथं लूप टाकतात. हातभर तारेचा तुकडा हो! लाईन तिथूनच माघारी वळवायची. आपलंच बोललेलं आपल्याकडे परत आलं की समजायचं, इथपर्यंत ठीक. मग लूप काढायचा, की पुढची लाईन जोडली जाते. तीस वर्षं हे काम वाल्मिकनं केलं. तोंडात कायम तंबाखू, आणि दर वेळी, दर वेळी हं, फोन ठेवण्याआधी मलाच विचारणार, "सायेब, लूप काढला का?" अरे, काढायचा तू, मला काय विचारतोस? तर म्हणायचा, "तुमी इचारायचं इसरता, म्हनून मीच इचारतो!"

गेल्या पोळ्याला गेला बिचारा. दहाव्याला गेलो होतो मी, प्रवरेच्या घाटावर. कावळा शिवेना! पोरांना सांभाळू म्हणाले, शेत विकणार नाही म्हणाले... तास झाला, कावळा आपला बाभळीवर बसून. शेवटी मीच पुढं झालो नि म्हणालो, "वाल्मिक, लूप काढला रे बाबा!" झप्पकन आला! हसताय काय? थाप होती ती. मेलेल्या माणसाला मारलेली थाप.

तर मागच्या महिन्यातली गोष्ट. एक्स्चेंजला आता कुलूप, किल्ली माझ्याकडं. सकाळी गेलो, लूप टाकला, कुलूप लावलं, कारखान्यात आलो, मोडेमचा स्पीड लावला... हिरवा दिवा! तिथं बोर्डावर निकिता म्हणून मुलगी बसते. म्हणाली, "काका, साडेबाराला पंपावरचे भीमाभाऊ तिथल्या विहिरीत उतरणारेत, जाळीतला कचरा काढायला. आत्ता लाईट नाही, पण आली की पंप आपोआप सुरू होतो. बंद करून ठेवू?" म्हटलं, "ठेव की! लाईन झाली आपली!" तिनं दाबलं, 'बंद'. लगेच उत्तर, 'बंद'. मॅनेजर म्हणतात, "वा, शामकांतराव!" भजी मागवली.

आता मला एक खोड आहे. तपासणीचा फोन लाईनला लावून खरखर ऐकायची. एका हातात भजं, एका हातात फोन. खरखर... खरखर... आणि मग तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सारल्याचा आवाज.

"सायेब, लूप काढला का?"

मी म्हटलं, "काढतो रे, भजी तरी खाऊ दे!"

सवय हो, तीस वर्षांची सवय! आणि मग ते भजं जे घशात अडकलं... पण तुम्हाला सांगतो, वाल्मिकला भ्यायलाही वेळ मिळाला नाही मला. कारण लूप काढलाच नव्हता! आमचा 'बंद' एक्स्चेंजपर्यंत गेला, तिथून वळला, आणि आमचाच आवाज आम्हाला उत्तर म्हणून ऐकू आला. पंपाला पत्ताच नाही! घड्याळात बारा चाळीस. भीमा विहिरीत.

"निकिता, बंद दाबत राहा, थांबू नको!" ओरडलो, मॅनेजरची स्कूटर घेतली नि सुटलो नदीकडं. निम्म्या वाटेवर लाईट आली. दोन्ही बाजूच्या उसातल्या सगळ्या मोटारी एकदम घूंऽऽ करून उठल्या. मी रडत होतो हो! अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, भर रस्त्यात, स्कूटरवर. त्या भीमाचं तोंडसुद्धा कधी पाहिलं नव्हतं, आणि मी त्याला मारला होता.

पंपहाऊसला पोचलो... आणि शांत. चहूकडं मोटारी गरजतायत, आणि इथला पंप तेवढा बंद. विहिरीत वाकून बघायचा धीर होईना. तेवढ्यात शिडीवरून डोकं वर आलं, डोक्यावर शेवाळ. "काय वो, लई घाम फुटलाय? पंप बंदच हाय न्हवं?"

"आहे," म्हटलं, "तू... तू ये वर आधी."

मोडेमवर दिवा हिरवा. खरा हिरवा. म्हणजे लूप निघाला होता, निकिताचा 'बंद' इथवर पोचला होता. कुणी काढला?

एक्स्चेंजला गेलो. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्या खिशात. आत लूप नीट गुंडाळून खिळ्याला टांगलेला. वाल्मिकच्या खिळ्याला. आणि खोलीत तंबाखूचा वास, ताजा.

आता फॉर्ममध्ये रकाना आहे, 'लूप काढणाऱ्याचे नाव'. एकदा थाप मारली तेवढी पुरे, खरं तेच लिहिलं. वाल्मिक. वरून शेरा आला, ऐका, "सदर कर्मचारी मयत आहे. तरी त्याची सही घेऊन फॉर्म पुन्हा सादर करावा."

घेईन! घाई काय आहे? जायचंच आहे तिकडं एक ना एक दिवस. घरी सांगून ठेवलंय, माझ्या दहाव्याला कावळा नाही आला तर हा फॉर्म दाखवा. सही तो देईल हो, माणूस चांगला होता. पण त्याआधी काय विचारणार, ते मला आत्ताच ऐकू येतंय...