हेडफोनमध्ये आलेला सिलिंडर

शाल्मलीने माहेरच्या पाहुण्यांचा स्वयंपाक शेवटी रॉकेलच्या स्टोव्हवर केला. पण ते अजून घडायचंच आहे, असं धरून चालू. कारण बंगळुरूतल्या येलहंक्याच्या गॅस एजन्सीत खिडकीआड बसलेल्या देवाप्पाच्या कानावर रांगेतल्या शाल्मली आणि मल्हार या नवरा-बायकोचं भांडण आत्ता कुठे पडू लागलं होतं.

“मल्हार, सिलिंडरवाला आला तेव्हा तू घरीच होतास ना?”

“होतो की. दोन व्हिडिओ गेम आणि कॉम्प्युटर एकाच हेडफोनला जोडत होतो. चहूबाजूंनी आवाज येतो त्यात!”

“त्याने बेल वाजवली.”

“ऐकली ना. मागून आली. म्हटलं, वा, काय खरा आवाज आहे!”

“मग दार बडवलं.”

“तेव्हा तर अंगावर काटा आला.”

“‘अक्का, ग्यास!’ म्हणून ओरडला.”

“मला वाटलं, गेमवाल्यांनी कन्नडचीही सोय केली.”

“उद्या नागपूरहून आई-बाबा येतायत. त्यांना काय, हेडफोन वाढू? अण्णा, आजच सिलिंडर द्या हो.”

“गाडी परत गेली अक्का. आता पुढच्या महिन्यात,” देवाप्पा हसू दाबत म्हणाला.

मल्हार खिडकीत वाकला.

“साहेब, अर्जदाराच्या डाव्या कानातून गेममधले राक्षस येतात. तरी यापुढे सिलिंडर उजव्या कानातून पाठवण्यात यावा, ही नम्र विनंती.”