बिलिंगला बदली

संपदा : अहो यतीन, रागवायला नाही बोलावलं. अप्रेझल आहे. बसा ना.

यतीन : मॅडम, खाली रिसेप्शनवर कुणी नाहीये.

संपदा : नेत्रा बघतेय. ऐका, डॉक्टरांनी लिहिलंय, 'पेशंट गेल्यावर नातेवाइकांना सांगायला हा फार वेळ लावतो.' ते मी सोडून देते. उणंदुणं कशाला काढायचं? तुम्हाला जे जमतं, तेच वाढवू.

यतीन : म्हणजे?

संपदा : मुर्ध्याच्या सरूबाई नवऱ्याचं कार्य आटपून मुद्दाम येऊन गेल्या. म्हणाल्या, 'तुमच्या त्या पोरानं सांगितलं म्हणून मी उभी हाय, न्हाय तं खाडीत जीव दिला असता.' मी ठरवलंय, यापुढे ही बातमी फक्त तुम्हीच द्यायची. सगळ्या वॉर्डांची. हुद्दाही वाढेल.

यतीन : मी बिलिंगला बदली मागितली होती.

संपदा : बिलिंगला वाया जाल तुम्ही!

यतीन : जाऊ दे की वाया.

संपदा : असं काय बोलताय? एवढा चांगला गुण आहे तुमच्यात...

यतीन : गुण कसला, मॅडम! २००३ साली माझी बायको, क्षितिजा, मुंबईला ॲडमिट होती. मी तिथल्या खोलीवरून पेज घेऊन गेलो तर खाट रिकामी. आया म्हणाली, 'भैया, डब्बा उठाओ, चादर बदलनी है.' मी येड्यासारखा सगळ्यांना विचारत सुटलो, हिला कुठल्या वॉर्डात हलवलं? कुणी सांगितलंच नाही मला.

संपदा : कधी बोलला नाहीत हो.

यतीन : काय बोलणार? वाटतं, निदान ह्या लोकांना तरी नीट कळावं. म्हणून जातो. पण प्रत्येक वेळी क्षितिजाच जाते माझी. घरी गेलो की घास उतरत नाही. आई तोंड बघूनच ओळखते. नाही सहन होत आता.

संपदा : सॉरी, यतीन. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल ऐकून. देते बिलिंग, आजच सही करते. ह्यापुढे मी सांगत जाईन.

(इंटरकॉम वाजतो.)

संपदा : बोल नेत्रा... अरे देवा. कधी?... आणि बायको? एकटीच बसलीय खाली? थांब, तू काही बोलू नकोस, मी येते... यतीन, पहिलं वाक्य काय बोलू तिच्याशी?

यतीन : बसा मॅडम तुम्ही. मी जातो.

संपदा : अहो, आत्ताच तर म्हणालात...

यतीन : बिलिंगचं बघू नंतर. एकटी आहे ना ती.