सात नंबरची ओळ

— नाई नाई, बाकी सारी यादी बराबर हाय मॅडम, बाकीच्याले माही काई हरकत नाई. हे एकच ओळ काटून टाका, हे सात नंबरची — 'खोलीचं तापमान'. काऊन म्हणजे काय काऊन, चंद्रपूरच्या सायबाले आमच्या खोलीचं तापमान पाहून काय करा लागते? मे महिना हाय, सत्तेचाळीस चालू हाय, हे त त्यानं तिथी खिडकी उघडली तरी समजते. बसा तुमी, खुर्ची इकडं घ्या, एसीखाली. पुण्याहून इतक्या दूर, वरून चंद्रपुरातून एसटीनं, अन् तेबी दुपारच्या — म्हणजे तुमी कामाचं मानूस हाय, नुसत्या सह्या घेऊन जानाऱ्या नाई.

मले समजलं तेवढं सांगतो, चुकलं त बोला. तुमची कंपनी असा प्रोग्राम करून राह्यली का जिल्ह्यातल्या साऱ्या टेलिफोन एक्सचेंजचा हालहवाला चंद्रपुरात एका पडद्यावर दिसन. तिथून दर पाच मिनिटाले विचारन — बॅटरी किती, डिझेल किती, कोनती लाइन चालू, कोनती बंद — अन् इथली मशीन उत्तर देईन. पन विचाराचं काय, हे पह्यले ठरवा लागते न — गोष्टीचं नाव काय, नंबर काय, उत्तर आकड्यात का 'चालू-बंद'त, कोन नुसतं वाचन अन् कोन बदलवन. या साऱ्या यादीलेच मिब म्हणता न तुमी? मंग हे पाहा. हे रजिस्टर. अकरा साल झाले, केवळराम टेक्निशियनचं, म्हणजे माह्यं, मिब हेच हाय. खांबाले नंबर, खांबावरच्या डब्ब्याले नंबर, डब्ब्यातल्या जोडीले नंबर. चार-दोन-सात म्हटलं का आमचा वारलू लाइनमन झोपेत सांगते — पोस्टामागचा खांब, खालचा डब्बा, मुखरू मास्तरचा फोन. तुमच्याबी यादीत तसंच हाय, झाडासारखं, फांदीतून फांदी. तुमी कालेजात शिकल्या, मी खांबावर चढून शिकलो, एवढाच फरक.

हं, त ते सात नंबर. काय म्हणता? एकदा नंबर देला का परत घेता येत नाई? अन् दुसऱ्याबी गोष्टीले देता येत नाई? — हे मात्र लाखातली गोष्ट बोलल्या. मी केलती ते चूक. श्रीहरीभाऊ वारले, तं त्याहीचा नंबर मी दोन महिन्यात माह्या साळ्याले देऊन टाकला. सालभर लोक फोन करत, श्रीहरीभाऊ हाय का, अन् साळा रोज सांगे, नाई जी, वारले. एका म्हातारीनं त तीनदा इचारलं अन् तीनदा रडली बिचारी. तवापासून मी कान पकडले. मेला नंबर मेला, त्याच्यापुढं 'बंद' लिवाचं अन् ओळ तशीच ठेवाची. म्हणजे तुमचंच बराबर हाय. सात नंबर कटत नाई. आता मीच म्हणून बसलो न.

पन हे एक मले पटलं नाई, थांबा — हे जिथी-तिथी 'चालू', 'बंद' अन् तिसरं काय, 'अज्ञात'? हे कोनाचं डोस्कं हाय? तुमचंच? मॅडम, राग नका मानू, पन 'अज्ञात' हे आळशी मानसाचं उत्तर हाय. माह्या रजिस्टरात अकरा सालात एका जागीबी 'माहीत नाई' सापडनार नाई तुमाले. माहीत नसन तं सायकल काढ, जा, खांबाखाली उभा राह्य अन् पाह्य. चंद्रपूरच्या सायबानं इचारलं अन् माह्या एक्सचेंजनं 'अज्ञात' सांगितलं, तं मले इथी बसाचा काय अधिकार हाय? काटा ते. बरं, नका काटू, तुमची मर्जी. पन माह्या एक्सचेंजले ते लागू नाई होनार, लिहून ठेवा.

अन् सात नंबर ठेवाचंच असन तं दर पाच मिनिटाले काऊन इचाराचं? दिवसातून एकडाव इचारा न. सकाळी सहाले. सहाले मशीनबी ताजी असते. दुपारी? दुपारी नका इचारू. बारा ते चार त बिलकुल नका इचारू. काऊन का — दुपारी तो आकडा जरासा वर जाते. बावीसचा चोवीस, पंचवीस. सव्वीसच्या वर कदीच नाई गेला, मी सोता बसून मोजलं हाय, अन् मशीनच्या पुस्तकात तीसपर्यंत चालते म्हून लिवलं हाय, मी पह्यले ते वाचलं अन् मंगच — मंगच म्हणजे — पानी घ्या न तुमी. माठाचं हाय.

ते? ते तिकडं डिझेल इंजिनाच्या जाळीवर वाळून राह्यले ते? ते बॅटऱ्या पुसाचे कपडे हाय. हो, लहान लहानच लागते. फुलाफुलाचे हाय म्हून काय झालं, जुन्या लुगड्याचे असते तं फुलं राहतीलच.

नाई, एक मिनिट, हे काय लिवून राह्यल्या तुमी? 'तापमान वाढले, दार बंद, म्हणजे एसीत बिघाड'? अरे बाप्पा, असं नका लिवू. समोरचं दार बंद अन् आकडा वर, एवढ्यावरून एसी खराब? उद्या चंद्रपूरहून मानूस येईन, एसी खोलून पाहीन अन् खरंच खराब करून जाईन. या एसीचं पानी, जाळी, सारं मी माह्या हातानं साफ करतो, अकरा सालात एक शिकायत नाई. एसीत काई फॉल्ट नाई, मॅडम. दार उघडते म्हून वाढते. समोरचं बंदच असते हो. मागचं उघडते.

आता झालं. बोलून गेलो.

तुमच्या यादीत दार एकच हाय, अन् तुमी तरी काय करान, नकाशातच एक हाय. मागचं आमी मंग भिंत फोडून काढलं, बॅटऱ्या समोरून आत जाईना म्हून, सायबाच्या तोंडी हुकमानं. सामानाच्या खोलीत उघडते ते. आता लपवून काय करू — माही पोरगी जया पह्यल्या बाळंतपनाले आली हाय. बावीस दिवसाची पोरगी हाय तिची, अजून नावबी नाई ठेवलं. माह्यं घर टिनाचं. लाइट आठ-आठ घंटे जाते, कूलर मुका होऊन बसते. चवथ्या दिवशी ते पोरगी रडाचीच बंद झाली, मॅडम, नुसती पाहे अन् अंग तापलेलं. गोकुळा, माही बायको, मले म्हणते, तुमच्या मशीनले एसी हाय, इंजिन हाय, अन् हिले काईच नाई का? सामानाच्या खोलीतच जुन्या रॅकले लुगड्याचा पाळना बांधला. बारा ते चार. ते मधातलं दार उघडं ठेवतो म्हणून इथली हवा तिकडं जाते. मशीनले धक्का नाई. तरी तुमाले लिवा लागते, मले समजते. चूक यादी बनवू नका माह्यासाठी. दारं दोन हाय तं दोनच लिवा. एकेरी ओळ चालनार नाई, तिथी तक्ता करा लागन — दार एक, दार दोन. उद्या दुसऱ्या एक्सचेंजात तीन निघन तं यादी परत फोडाची पाळी नाई येनार. हं, असं. हे बराबर बसलं.

मेमो येईन तं येईन. बदली करून दूर सिरोंच्याले टाकतील, टाको.

काय लिवलं दार दोनपुढं? पाहू. — 'अज्ञात'.

हं. खरं हाय. त्या दाराले समोरच्यासारखी तार नाई, मशीनले कसं समजन. खोटं त नाई लिवलं तुमी. आकडा वर गेला अन् दार दोन 'अज्ञात', म्हणजे एसीवर आळ नाई येत, चंद्रपूरवाला आधी मलेच फोन करन — केवळराम, मागचं दार कसं हाय? मी पह्यले लावीन, मंग पाहीन, मंग सांगीन, बंद हाय. पन मॅडम, माह्या एक्सचेंजात 'अज्ञात'... मिरगापर्यंत राहू द्या. मिरग लागला का जावई नेते तिले गडचांदूरले, मंग तार मीच बसवीन अन् चिठ्ठी धाडीन तुमाले.

या आता, चारची एसटी सापडन. नाई, तिकडून नाई. समोरूनच जा — आत्ताच झोपली हाय.