शनिवारचं तेल

ऐका तर. तापात आमच्या कारभारणीची केसं इतकी गळली, की बाई दारात बसायची बंद झाली. औषधाच्या दुकानात एकानं वासाच्या तेलाची बाटली पुढं केली. मी ती तशीच ठेवली आणि आटपाडीच्या घाण्यावर जाऊन तिळाचं तेल मागितलं. त्यात बांधावरचा माका उकळून लावायचा, हे ठरलेलं.

घाणेवाला म्हणाला, "आवं आबा, आज शनिवार. आज तेल घरी न्हेत न्हाईत. शनी कोपतो."

"मग शनिवारी केसं गळायची थांबत्यात व्हय रं?"

"उद्या या की."

"उद्यापातुर आनखी मूठभर जात्याल. भर बाटली."

"आन खरंच कोपला म्हंजी?"

मी सावकाश टोपी काढली आणि टकलावरनं हात फिरवला.

"त्याला म्हणावं, काय न्यायचं आसंल तर माझी केसं न्हे."