वर्षाच्या जेवणानंतरचं पाणी

झारलिक : आईला एवढंच सांग, वरच्या जर्दाळूच्या बागांतलं खत वाहून आलं, म्हणून तलावाचा काठ हिरवा झाला. संपला विषय.

अनिपा : बाइके, तुम्ही थोरले भाऊ, मान्य; पण गावाचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र मी चालवते. पाण्यावरून आईशी खोटं बोलायचं, तेही मीच?

झारलिक : मग काय सांगणार? आई, तुझ्या थोरल्याने बाबांच्या वर्षाला अख्ख्या गावाला आशचं जेवण घातलं, आणि त्यातच तुझा इसिक-कुल तलाव नासला? हिवाळाभर ती शेजारणींना त्या जेवणाचं कौतुक सांगतेय. बाबा गेल्यापासून तेवढंच हसू उरलंय तिच्या तोंडावर.

अनिपा : मी म्हटलं होतं, रक्तासाठी खड्डा खणा. सगळे तसंच करतात.

झारलिक : अंगणात नवीन सिमेंट होतं. पाहुण्यांसमोर फोडत बसू? जेवणासाठी घोडे कापले, पाण्याचा पाइप मारला, सगळं गटारात घालवलं. वास राहू नये म्हणून वर पोतंभर ब्लीचिंग पावडर. मला वाटलं, पुढचं तू बघशील.

अनिपा : आमच्या टाकीतला गाळ जिवंत असतो, बाइके. त्यातले जंतू घाण खातात, म्हणून पाणी निवळतं. रक्ताने, चरबीने ते गुदमरले, उरलेसुरले तुमच्या पावडरीने मेले. लगेच थंडी पडली. थंडीत ते लवकर वाढत नाहीत. बर्फ वितळेपर्यंत गावाचं पाणी अर्धंमुर्धं निवळूनच तलावात गेलं. शेवाळाला आयतं खत मिळालं.

झारलिक : पण आता टाकी चालू झाली ना? मग होईल की साफ.

अनिपा : टाकी सुधारली. पण आपला काठ उथळ. खत तळच्या चिखलात बसलंय, दर उन्हाळ्यात थोडंथोडं वर येणार.

झारलिक : किती वर्षं?

अनिपा : ठाऊक नाही. आईच्या हयातीत कठीणच दिसतंय.

झारलिक : उन्हाळाभर त्या पाण्यात डुंबते, त्याच्याच जिवावर तिचे गुडघे चालतात गं. बाबांचं नाव व्हावं म्हणून केलं सगळं. मिरवलोही. आता लाज वाटते.

अनिपा : मलाही वाईट वाटतं. त्या दिवशी भांडायला हवं होतं मी. लोक काय म्हणतील म्हणून चहा वाटत राहिले.

(आई काठावरून परत येते. खांद्यावरचा टॉवेल कोरडाच आहे.)

अनिपा : आई, एकटीच गेलीस?

आई : तुमची कुजबूज संपेना. नुसता हात घातला पाण्यात, तर बोटांना शेवाळ चिकटलं.

झारलिक : ते वरच्या बागांतलं खत, आई...

आई : बागा माझ्या लग्नाआधीपासून आहेत, झारलिक. हिवाळाभर ही पोरगी टाकीवरून आली की ताटाला हात लावत नव्हती. मला काय दिसत नव्हतं?

झारलिक : मग बोलली का नाहीस?

आई : काय बोलू? त्या दिवशी म्हाताऱ्यांनी विचारलं होतं, खड्डा कुठाय. मीच त्यांना गप्प केलं. म्हटलं, माझ्या मुलाचं अंगण आहे.

झारलिक : माफ कर, आई.

आई : जेवण चांगलंच झालं होतं रे. लोक अजून नाव काढतात.

अनिपा : बस ना जरा. चहा टाकते.

आई : टाक. आणि झारलिक, माझ्या वर्षाला एकच मेंढी काप. तीही वर कुरणात नेऊन.