चादरीचे कोपरे

हॉटेलच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा चालू होती. दारावर नंबर पुकारणाऱ्या बाईंचे कान बाकावरच्या मायलेकांकडे लागले होते.

"आत काय करायला लावतात रे?"

"पलंग लावायचा. चादर, उशा, सगळं."

"अरे वा! म्हणजे आज मला पहिल्यांदाच दर्शन घडणार."

"आई, हळू बोल ना."

"शिकून सवरून परक्यांचे पलंग लावणार साहेब! स्वतःच्या पांघरुणाची घडी घातलीयेस कधी?"

"तू हातच लावू देत नाहीस."

"कशी लावू देणार? तू घडी नाही घालत, बोळा करतोस."

"म्हणून तर सहा महिन्यांचा कोर्स नको, पूर्ण तीन वर्षांची पदवीच घेतो म्हटलं."

"घे बाबा. आणि पाहुण्यांचं हसून स्वागत करायचं असतं म्हणे. आत्या आली की बाथरूममध्ये जाऊन बसतोस, ते कुठल्या वर्षाला शिकवतात?"

"तिथे हसायचा पगार देतात."

बाईंनी पुढचा नंबर पुकारला. मुलगा शर्ट खोचत उठला. त्याच्याआधी आई उठली होती.

"ताई, तुम्ही कुठे निघालात?"

"आलेच हो. चादरीचे कोपरे तेवढे दुमडून देते, बाकीचं त्याचं तो करेल."